एमजीबीचा हीटर: गळका कोअर आणि त्याच्याभोवतीची पेटी

गाडी १९७२ची एमजीबी, उघड्या टपाची ब्रिटिश रोडस्टर. मालकाच्या तक्रारी तीन होत्या. चालकाशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट कायम ओलं राहतं, हीटर लावला की समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, आणि गाडीत गोडसर वास येतो. चौथी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: हीटर तसाही कधी धड गरम व्हायचाच नाही, त्यामुळे तो क्वचितच लावला जायचा आणि गळतीकडे लक्ष उशिरा गेलं.

कामाच्या कागदावर मी ही चौथी गोष्ट सगळ्यात वर लिहिली. पहिल्या तीन तक्रारींवरून हीटर कोअर, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याने केबिनची हवा तापवणारा लहान रेडिएटर, गळतोय हे जवळजवळ नक्की होतं, आणि कोअर बदलला की त्या जातील असं कुणीही सांगेल. पण गळका कोअर काढून नवा बसवला आणि हीटर आधीसारखाच थंड राहिला, हे जुन्या गाड्यांत इतक्या वेळा घडतं की त्याची सवय झाली आहे. कारण सरळ आहे. कोअर हा त्या यंत्रणेचा एक भाग. त्याच्याभोवतीची पेटी, पेटीतला फोम, झडपा, इंजिनावरचा कॉक (गरम पाण्याची तोटी) आणि आतून वाहणारं कूलंट (पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) हे सगळं तितकंच म्हातारं झालेलं असतं. या गाडीत कोअरपर्यंत पोचायलाच बरीच मेहनत आहे. एवढं उघडून फक्त कोअर बदलायचा आणि परत बंद करायचं, हे मला पटत नाही.

रचना

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. सुरुवातीच्या गाड्यांत हीटर हा जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता, आणि त्याची जागा पाहिली की ते पटतं. इंजिनामागच्या पत्र्यावर एक आडवी फळी आहे, तिच्यावर पत्र्याची पेटी बसते आणि पेटीचा खालचा भाग त्या पत्र्यातल्या भोकातून केबिनमध्ये उतरतो. म्हणजे पेटी अर्धी इंजिनाकडे, अर्धी माणसांकडे. एमजीबीवाल्यांत एक जुना विनोद आहे की कारखान्यात आधी हीटर टांगायचे आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधायचे.

गरम पाणी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसवलेल्या कॉकमधून निघतं, रबरी होजमधून कोअरमध्ये जातं, आणि इंजिनाच्या कडेने जाणाऱ्या एका पाइपातून रेडिएटरच्या खालच्या होजला परत मिळतं. डॅशबोर्डवरची एक गोल मूठ केबलने हा कॉक उघडते. दुसरी मूठ पेटीतली झडप फिरवते आणि वारा काचेकडे जायचा की पायांकडे, हे ठरवते. बाहेरची हवा काचेसमोरच्या जाळीतून एका कप्प्यात शिरते आणि तिथून पेटीत येते. या कप्प्यात पावसाचं पाणीही पडतं. ते बाहेर काढायला कप्प्याच्या तळाशी एक नळी आहे, ती गिअरबॉक्सच्या बोगद्यात उघडते. ही नळी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ओलं कार्पेट कशाचं?

कार्पेट ओलं म्हणजे कोअर गेला, ही उडी मारायची नाही. या गाडीच्या पायाशी तीन वेगळी द्रव्यं येऊ शकतात. चालकाच्या बाजूला ब्रेक किंवा क्लचचं तेल पेडलांवरून ओघळतं. ते असेल तर खालच्या पत्र्याचा रंग फुगून सुटलेला दिसतो. दुसरं पावसाचं पाणी. तिसरं कूलंट. पांढरा टिश्यू कागद दाबून धरला की पाणी आणि कूलंट यांतला फरक लगेच कळतो. पाण्याचा डाग वाळून नाहीसा होतो. कूलंटचा चिकट राहतो, बोटाला सुळसुळीत लागतो आणि वास येतो. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कार्पेट उन्हात टाकलं तरी वाळत नाही.

इथे कागदावर कूलंट आलं. पण कार्पेटखालचा नमदा उचलला तर त्याच्या मागच्या टोकाला साधं पाणीही होतं. बाहेरून काचेसमोरच्या जाळीवर हळूहळू पाणी ओतलं आणि खाली बोगद्याशी बघितलं. धार यायला हवी होती, आले ते थेंब. पाण्याची नळी कुजलेल्या पानांनी तुंबली होती. कप्पा भरला की पाणी काठ ओलांडून हीटरच्या तोंडातून पेटीत आणि तिथून कार्पेटवर येत होतं. नुसता कोअर बदलून गाडी दिली असती, तर पहिल्या पावसात मालक ओलं कार्पेट घेऊन परत आले असते आणि नव्या कोअरवर आळ आला असता.

कोअरची गळती मात्र खरी होती आणि ती सिद्ध करणं सोपं होतं. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला दाबाचा हातपंप लावला. टोपीवर १० पौंडांचा (दर चौरस इंचाला) आकडा होता, तितकाच दाब दिला. काटा सावकाश पण न थांबता खाली येऊ लागला. मग हीटरचे दोन्ही होज काढून एका तुकड्याने एकमेकांना जोडले, म्हणजे पाणी कोअरला वगळून फिरेल, आणि पुन्हा तोच दाब दिला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे रेडिएटर, पंप, हेड गॅस्केट सगळं निर्दोष. काही जण इथे होज चिमट्याने दाबतात. जुन्या होजवर मी ते करत नाही. आतली जाळी तुटते आणि काही महिन्यांनी तिथूनच फुगा येतो.

हा वळसा तात्पुरता उपाय म्हणूनही उत्तम आहे. सुटे भाग येईपर्यंत गाडी तशी चालवता येते. मात्र तो तात्पुरताच राहावा. रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड टाकणं हा दुसरा प्रचलित उपाय, आणि तो या गाडीत आधी कुणीतरी केलेला होता. रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी रवाळ गाळ होता. अशी पूड बारीक वाट शोधून ती बुजवते, आणि संपूर्ण यंत्रणेत सगळ्यात बारीक वाटा हीटर कोअरच्याच असतात. हीटर थंड का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

उरलेलं अर्धं शोधायला, कोअर काढण्याआधी वळसा काढून होज पुन्हा जागेवर लावले आणि इंजिन गरम केलं. कोअरकडे जाणारा होज हाताला चटका देत होता, परत येणारा कोमट. फरक एवढा असेल तर पाणी पुरेसं वाहत नाही. त्याच वेळी पंखा लावून, हवेची मूठ पूर्ण काचेकडे ठेवून, पायांच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरली. पट्टी जोरात फडफडली. झडप बंद असून वारा पायांकडे निसटत होता, आणि तो वारा गारही होता. म्हणजे हवा कोअरमधून न जाता त्याच्या बाजूने जात होती.

काढणं

बोनेट उतरवला. त्याशिवाय हे काम होतं, पण पाठीचं काही खरं नाही. बॅटरीची जोडणी आधी काढली. १९७२च्या या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. कूलंट झाकणाच्या डब्यात काढून घेतलं. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं असतं, त्यामुळे उघडं परातीत ठेवायचं नाही. रेडिएटर रिकामा झाला. इंजिन ब्लॉकच्या तळाचा कॉक उघडला तर एक थेंबही आला नाही. तार घालून ढवळलं तेव्हा लालसर चिखल आला आणि त्यामागून पाणी. लोखंडी ब्लॉकचा मागचा भाग गाळाने भरणं हा या बी सिरीज इंजिनाचा नेहमीचा आजार आहे. नव्या कोअरमध्ये हाच गाळ जाणार असेल तर त्याचं आयुष्य किती, हे वेगळं सांगायला नको.

होज काढताना पिळायचे नाहीत. कोअरच्या तोंडाच्या नळ्या पातळ पितळेच्या असतात आणि टाकीला फक्त सोल्डरने धरलेल्या असतात. वर्षानुवर्षं चिकटून बसलेला होज पान्याने पिरगाळला की नळी टाकीपासून सुटते. चांगला कोअर असा मेल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत. होज स्वस्त असतो, ब्लेडने उभा चिरावा आणि सालपटासारखा सोलून काढावा. नळ्यांच्या तोंडात लगेच बुचं मारावीत. कितीही काढलं तरी कोअरमध्ये थोडं कूलंट राहतंच आणि पेटी वाकडी केली की ते नेमकं सीटवर सांडतं.

मग पंख्याच्या वायरी, पेटीच्या कडेचे स्क्रू, आणि आतलं काम. रेडिओची पट्टी व मधला कन्सोल काढल्याशिवाय हात पोचत नाही. पेटीच्या खालच्या भागातून काचेकडे जाणाऱ्या दोन नळ्या पूर्ण ओढून काढाव्या लागतात. अर्ध्या राहिल्या की वरून कितीही ताकद लावली तरी पेटी हलत नाही, आणि माणसाला वाटतं की कुठेतरी स्क्रू राहिलाय. झडपेच्या केबलची पकड एका बारीक स्क्रूने असते. तो सुटताना खाली बोगद्यात पडतो, म्हणून आधी फडकं कोंबून ठेवलं. कामाला दोन माणसं हवीत. एक इंजिनाकडे, दुसरा सीटवर उताणा, डोकं पेडलांशी आणि पाय बाहेर.

सगळे स्क्रू काढूनही पेटी जागची हलली नाही. खालची गॅस्केट आणि कुणीतरी नंतर थापलेलं काळं सीलंट मिळून एकजीव झालं होतं. पहारीने उचकटलं की फळीचा पत्रा वाकतो. हेअर ड्रायरने कडा तापवत, लांबीकामाची पातळ पट्टी सरकवत सरकवत चारी बाजूंनी फिरवली. मग पुढची कड वर उचलून, मागची थोडी खाली दाबत, पेटी तिरकी बाहेर आली. सरळ वर ओढली तर ती येत नाही.

टेबलावर

पेटीची पुढची बाजू स्प्रिंगच्या क्लिपांवर असते. त्या काढल्या आणि कोअर सरकवून बाहेर घेतला. त्याच्याबरोबर काळ्या फोमचा भुगा, पानांचे देठ आणि गंजाच्या पापुद्र्यांचा थर आला. मूळ फोम हाताने चोळला की पीठ होत होता. अशा वेळी तोंडाला मास्क हवाच. जुन्या गाड्यांत काही ठिकाणी उष्णतारोधक पुठ्ठ्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून जे ओळखू येत नाही ते कोरडं खरवडायचं नाही. आधी पाण्याने ओलं करायचं.

कोअर म्हणजे लहान रेडिएटरच. पितळी टाक्या, पातळ पितळी नळ्या, तांब्याच्या पत्र्या, आणि जोड शिसं-कथलाच्या सोल्डरचे. खालच्या कोपऱ्यात हिरवट पांढरी खपली धरली होती. एक नळी बंद करून दुसरीतून १० पौंड हवा दिली आणि कोअर पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुडे दोन जागांहून निघाले. एक धार त्या खपलीपाशी, नळी टाकीला मिळते तिथून. दुसरी, अगदी बारीक, दोन पत्र्यांच्या मधून, कोअरच्या पोटातून.

निर्णय या दुसऱ्या धारेने ठरवला. पहिली गळती एकटी असती तर मी कोअर दुरुस्तच केला असता. जोड चकचकीत होईपर्यंत घासायचा, फ्लक्स लावायचा, आजूबाजूला ओली फडकी गुंडाळायची आणि मोठ्या तांब्याच्या खड्याने, म्हणजे सोल्डर वितळवायच्या तापवलेल्या ठोकळ्याने, डाग द्यायचा. शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतं. म्हणजे गॅसच्या ज्योतीने एक जोड करायला जावं तर शेजारचे दोन सुटतात, म्हणून खड्या बरा. असा नीट केलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो. त्याला जुगाड म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पोटातली गळती वेगळी. तिथे जोड नाही, नळीची भिंतच आतून खाल्ली गेलेली असते. ती एक नळी दोन्ही टोकांना बुजवता येते, थोडी उष्णता कमी मिळते इतकंच. पण एक नळी भोक पडेपर्यंत झिजली असेल तर तिच्या शेजारणीही त्याच पाण्यात तितकीच वर्षं होत्या. आज एक बुजवली तर पुढच्या हिवाळ्यात दुसरी. आणि दुसऱ्या वेळीही तेच बोनेट, तोच कन्सोल, तोच उताणा माणूस. त्यामुळे दुरुस्तीचा विचार सोडला.

आता दोन रस्ते होते: तयार नवा कोअर, किंवा जुन्या टाक्या ठेवून मधला भाग नवा बनवून घेणं. तयार कोअर मागवून जुन्याशेजारी ठेवून पाहिला. बाहेरचं माप बरोबर होतं. पत्र्या मात्र विरळ होत्या आणि तोंडाच्या नळ्यांचा कोन किंचित वेगळा. होज वाकवून तो बसला असता, पण पेटीच्या भोकाच्या कडेला नळी घासत राहिली असती. रोज वापरायची गाडी असती आणि घाई असती तर मी हाच घेतला असता, भोकाला रबरी कडं लावून. इथे मालकाला घाई नव्हती. जुन्या टाक्या आणि तोंडाच्या नळ्या निरोगी होत्या, त्यामुळे रेडिएटर कारागिराकडून मधला गाभा बदलून घेतला. परत आल्यावर पुन्हा टबात बुडवून, त्याच दाबावर, बराच वेळ ठेवून पाहिला. कोअर नवा असो की बनवून घेतलेला, पेटीत जाण्याआधी ही परीक्षा टाळू नये.

पेटी

खरा वेळ इथे गेला. पत्रा गंज निघेपर्यंत घासला, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजमारक लावलं, प्रायमर आणि काळा रंग दिला. तळाशी एका कोपऱ्यात चाळणी झाली होती, तिथे पत्र्याचं ठिगळ डाग देऊन बसवलं. मग फोम. हवा आळशी असते. कोअरच्या दाट पत्र्यांतून घुसण्यापेक्षा त्याच्या कडेच्या बोटभर फटीतून जाणं तिला सोपं. मूळ फोमचं काम ही फट बंद करणं एवढंच होतं, आणि तो पीठ झाल्यावर निम्मा वारा गरम न होताच केबिनमध्ये यायचा. यासाठी बंद छिद्रांचा, उष्णता सोसणारा रबरी फोम घ्यावा. गादीतला स्पंज घेतला तर तो पाणी पितो आणि पेटी पुन्हा गंजते. कोअरच्या चारी कडांना पट्ट्या अशा लावल्या की तो सरकवताना किंचित दाबावा लागेल. जास्त जाड झाल्या तर पुढचं झाकण क्लिपांना येत नाही.

झडपेवरचा फोमही गेला होता. उरलेल्या उघड्या पत्र्याला भोकं होती आणि वारा त्यातून आरपार. नवा फोम चिकटवल्यावर झडप बंद करून आत टॉर्च पेटवून ठेवला आणि अंधारात बाहेरून पाहिलं. एका कडेला उजेडाची रेघ दिसली. तिथे पट्टी बदलली.

पंख्याची मोटर सोडवून कार्बनची काजळी पुसली, बुशांना तेलाचा थेंब दिला. जोडताना एक गोष्ट पाहावी लागते. १९६७च्या अखेरपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असे; नंतर निगेटिव्ह झाली. मोटर कायमचुंबकी असेल आणि वायरी उलट लागल्या तर ती उलटी फिरते. आवाज अगदी नेहमीसारखा येतो, वारा मात्र मरगळलेला. म्हणून पेटी गाडीत जाण्याआधी टेबलावरच बॅटरी लावून दिशा पाहून, वायरीला खूण केली.

इंजिनावरचा कॉक काढून तोंडाने फुंकून पाहिला. मूठ पूर्ण उघडी असताना तो अर्धाच उघडत होता. केबल ताणून लावली तरी फरक पडेना, आत क्षार धरले होते. नवा कॉक, नवी गॅस्केट. हेडवरची बैठक सपाट घासून घेतली.

कोअर का गेला

काढलेल्या कूलंटमध्ये पीएचची पट्टी बुडवली तर ती सातच्या खाली गेली. ताजं, गंजरोधक घातलेलं ग्लायकॉल स्पष्टपणे अल्कधर्मी असतं. वापरात गंजरोधक संपत जातो, ग्लायकॉलचं सेंद्रिय आम्लांत रूपांतर होत राहतं, आणि ते आम्ल पातळ पितळ व सोल्डर खातं. लोखंडी ब्लॉक जाड असतो, त्याला गंज चढला तरी तो तगतो. कोअरच्या नळीची भिंत मिलिमीटरच्या अंशात मोजायची.

निचऱ्याआधी आणखी एक मोजणी केली होती. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना आकडा नगण्य होता. हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावला की तो दशांश व्होल्टांत वर सरकत होता. इंजिनाची अर्थ पट्टी, म्हणजे इंजिनातली वीज गाडीच्या पत्र्यात परत नेणारी जोडणी, हिरवी पडून सैल झालेली निघाली. ती सैल असली की वीज परत जायला जी वाट मिळेल ती धरते, चोकची केबलसुद्धा. पट्टी बदलल्यावर आकडा पडला. कोअर खाण्यात या विजेचा वाटा किती आणि आम्लाचा किती, हे तोलून सांगता येत नाही. माझा कल आम्लाकडे. पट्टी बदलणं दहा मिनिटांचं काम, तेव्हा वाद कशाला.

ब्लॉक, रेडिएटर आणि पाइप वेगवेगळे उलट दिशेने धुतले, पाणी नितळ येईपर्यंत. नव्या भरणीसाठी जुन्या पद्धतीचं, सिलिकेट गंजरोधकाचं, बीएस ६५८० या ब्रिटिश मानकाचं इथिलीन ग्लायकॉल घेतलं, निम्मं डिस्टिल्ड पाणी घालून. नव्या गाड्यांचं दीर्घायुषी सेंद्रिय आम्लाचं कूलंट शिसं-कथलाच्या जोडांच्या या जुन्या यंत्रणेत मी घालत नाही. बाटलीच्या रंगावर जाऊ नये. निळा, हिरवा, गुलाबी हे रंग ज्या त्या कंपनीच्या मर्जीचे. मागचं लेबल वाचावं.

परत बसवणं आणि भरणं

पावसाच्या पाण्याची नळी बदलली आणि पेटी बसवण्याआधीच पाणी ओतून खाली धार पाहिली. पेटीखाली नवी गॅस्केट टाकली, सीलंट नाही. पुढे कधी कुणाला पेटी काढावी लागली तर बरं. काचेकडच्या नळ्यांची टोकं आधी केबिनमध्ये जागेवर धरून ठेवायची, मग पेटी उतरवायची.

होज, कॉक, केबल झाल्यावर कन्सोल लावायची घाई केली नाही. पुन्हा हातपंप, १० पौंड, आणि काटा स्थिर आहे हे पाहिल्यावरच उरलेलं बंद केलं.

भरताना हवा अडकणं हा या मांडणीचा स्वभावच आहे, कारण कोअर उंचावर बसतो. गाडीचं नाक चढावर ठेवलं, हीटरचा कॉक पूर्ण उघडला, आणि कोअरचा एक होज सोडून त्यातच नरसाळ्याने कूलंट ओतलं, दुसऱ्या बाजूने येईपर्यंत. मग होज लावून उरलेलं रेडिएटरमध्ये. सगळं मिळून साडेपाच-सहा लिटर बसतं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत टोपी न लावता इंजिन मंद चालवलं, पातळी खाली गेली तशी भर घातली. इतकं करूनही दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी थोडी उतरलेली असतेच. चालवताना डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर हवा अजून आत आहे. इथे आली नाही.

कार्पेट, काच आणि उरलेलं

नमदा फेकला. ग्लायकॉल त्यातून धुऊन जात नाही. कार्पेट कोमट पाण्याने अनेकदा धुतलं, खालचा पत्रा उघडा पाडून गंज तपासला. वरवरचा होता, घासून रंगवला. काचेवरचा थर पाण्याने आणि साबणाने नुसता पसरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला, फडकी बदलत बदलत. ही काच पुसल्याशिवाय गाडी दिली तर पहिल्याच थंड सकाळी पुन्हा धुकं दिसतं आणि मालकाला वाटतं, कोअर गळतोच आहे.

बाहेर दहा अंश असताना काचेकडच्या फटीत थर्मामीटर धरला. आधी तिथे जेमतेम वीस अंश मिळत होते. आता काटा पन्नाशी ओलांडून गेला आणि दोन्ही होजांतला फरक हाताला कळेनासा झाला. मालकाने विचारलं, ‘यातला कोअरचा वाटा किती?’ खरं सांगायचं तर नवा कोअर जुन्या पेटीत, जुन्या कॉकवर बसवून मी मोजलेलं नाही, त्यामुळे आकडा देता येत नाही. पण पायांशी कागदाची पट्टी आता हलत नाही, आणि तो फरक कोअरचा नाही, फोमचा आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पंखा एकाच वेगाचा आणि मोठ्या आवाजाचा आहे. जास्त दमदार पंखा बसवायचा का, हे मालक ठरवतील. चालकाच्या पायाशी असलेल्या छोट्या झडपेची बिजागरी झिजली आहे आणि खडबडीत रस्त्यावर ती आपोआप उघडते. ती बदलण्यासाठी पेटी काढावी लागत नाही, कन्सोलही नाही. मालक म्हणाले, ‘उजव्या पायाला तेवढीच ऊब, राहू दे.’ ती तशीच ठेवली आहे.